उघड्या डोळ्यांचा धवला

आमच्या पेणच्या खाडीकाठी, खारेपाटात, भटजी येतो तो मुहूर्तापुरता. लग्न खरं उभं राहतं ते आदल्या दिवशी हळदीच्या मांडवात, धवलारणीच्या गळ्यातून. धवलारीण म्हणजे लग्नातले धवले गाणारी बाई. बहुधा म्हातारी, बहुधा विधवा, आणि त्या एका दिवसापुरती घरच्या कर्त्या पुरुषापेक्षाही मोठी. ती गाण्यातून गणपतीला बोलावते, गावदेवीला बोलावते, खाडीला बोलावते आणि शेवटी त्या घरातल्या गेलेल्या माणसांना एकेक करून नावानिशी बोलावते. ती सगळी आली की मगच हळद लागते. आणि बोलावताना धवलारीण डोळे मिटून घेते, कारण ज्यांना ती बोलावते ते काही उघड्या डोळ्यांना दिसणारे नसतात.

बाय मात्र डोळे टक्क उघडे ठेवून गायची.

तिचं खरं नाव मला ठाऊक नाही. सगळा गाव तिला बाय म्हणायचा, म्हणून मीही म्हणायचो. उंच, काटक अंगकाठी, कपाळावर हिरवं गोंदण, आणि मिठागरात जन्म गेल्यामुळे भेगाळलेल्या टाचा. आवाज असा की मांडवात गायला लागली तर खाडीच्या बांधाच्या पार टोकाला ऐकू जावा. पण आम्हा पोरांना भीती वाटायची ती तिच्या डोळ्यांची. तोंडानं गावदेवीची विनवणी चाललेली, आणि नजर मांडवभर फिरतेय, तिन्हीसांजेला खुराड्यातल्या कोंबड्या मोजणाऱ्या बाईसारखी. एकेका पोरावर थांबायची, पुढं सरकायची.

तिच्या पाया पडायचं म्हणजे एक परीक्षाच असायची. वाकून उठलं की ती आशीर्वाद देण्याआधी हनुवटी धरायची आणि म्हणायची, "हा कर."

"हा" केल्याशिवाय सुटका नाही. तोंडाचा वास घेऊन मग डोक्यावर हात. आम्ही मागून तिला हवालदारीण म्हणायचो. मोठी पोरं बडीशेप चघळून यायची, वेलची खाऊन यायची, एकानं तर कच्चा कांदा खाल्ला होता. तिनं त्याला सगळ्यांदेखत विचारलं, "कांदा कशासंगं खाल्लास ते सांग." मांडव खो खो हसला. तो पोरगा पुढं कितीतरी लग्नांना गेलाच नाही.

दुसरी तिची खोड म्हणजे ती मांडवातल्या एकाही पोराला मोकळ्या हातानं बसू द्यायची नाही. एकाच्या हातात नारळ, एकाच्या हातात सूप, एकाकडे उंबराच्या फांदीचं टोक, एकाच्या हातात पेटतं निरांजन. धवला संपेपर्यंत धरून बसायचं. लोक म्हणायचे, बाय, कशाला पोरांना छळतेस? ती म्हणायची, "दोनी हात गुतलं का तिसरा हात नसतो मानसाला. गलास धरील कशानं?"

मोठ्यांना ती कधी काही बोलली नाही. हळदीला आमच्याकडे पिणं चालतं, हे काही लपवण्यात अर्थ नाही. मांडवामागं बसलेल्या बाप्यांकडे ती बघायचीसुद्धा नाही. "तुमचे केस पिकलेत, तुमचं तुमी बघा," एवढंच. तिचा सगळा जीव मिसरूड न फुटलेल्या पोरांवर होता.

हे मी आता समजूतदारपणे लिहितो आहे. तेरा वर्षांचा असताना मात्र मला ती बाई दुश्मनासारखी वाटायची, आणि त्याला कारणही होतं.

माझ्या धाकट्या काकाची हळद होती. मांडवामागं चुलतभावानं शीतपेयाच्या बाटलीत काहीतरी घालून माझ्या हातात दिलं. "हळदीचं चालतं रे, घे," तो म्हणाला. हळदीचं चालतं, हे वाक्य आमच्याकडे कित्येक पोरांनी पहिल्यांदा ऐकलेलं असतं. मी दोन घोट घेतले आणि मोठा मर्द झाल्यासारखा बाटली घेऊन मांडवात येऊन बसलो. बायचा धवला ऐन रंगात होता. तो मध्येच तुटला.

वाजंत्री थांबले, बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. धवला मध्येच तुटणं म्हणजे अपशकुन. आजी घाबरून म्हणाली, "बाय, काय झालं गो? कोन देव रुसला?"

"देव नाय रुसला," बाय म्हणाली. "देव आलं, बसलं. त्या पोऱ्याचे हातात बाटली हाय, ती खाली ठेवायला सांगा. देवांना मी ह्ये बघाया नाय बोलवलं."

शेदीडशे माणसांच्या माना वळल्या. बाबांनी उठून सगळ्यांसमोर माझ्या कानफटात दिली. बाटली काढून घेतली गेली, बायनं माझ्या हातात सूप दिलं आणि जिथं तुटला होता तिथून धवला पुन्हा धरला. ते सूप धरून मी तासभर रडत बसलो होतो. त्या सुपाचा राग मला पुढं कितीतरी वर्षं पुरला. पण एक खरं, की मी नंतर पुन्हा कुणाच्या हळदीत बाटली हातात घेऊन मांडवात गेलो नाही. आधी भीतीनं, मग सवयीनं.

पुढं मला रोह्याला कंपनीत नोकरी लागली. कुंडलिका नदीच्या अलीकडे, अष्टमीत घर घेतलं, संसार तिथंच वाढला. इकडं खारेपाटातल्या हळदी बदलल्या. डीजे आला. धवला पंधरा मिनिटांवर आला, तोही फोटोवाल्याला हवा म्हणून. लोक बायला टाळायला लागले. "ती नको, मांडव बंद पाडते," म्हणायचे. माइकवर गाणाऱ्या, डोळे मिटणाऱ्या, कुणाला न अडवणाऱ्या दुसऱ्या धवलारणी होत्याच.

माझ्या थोरल्या मुलाचं लग्न ठरलं तेव्हा मीही दुसरीलाच बोलावणार होतो. पण बायको अडून बसली. "आपल्या घरातल्या गेलेल्या माणसांची नावं इथं अष्टमीत कोणाला माहीत आहेत? तुमच्या आजोबांचं नाव तुमच्या पोरांना तरी सांगता येईल का? बायलाच आणा."

म्हणून मी बायला आणायला गेलो. पेणहून आम्ही रोह्याच्या गाडीत बसलो. तिच्याजवळ एक कापडी पिशवी होती, तीत एक लुगडं आणि पितळी निरांजन. नागोठणं गेलं आणि निडीला गाडी क्रॉसिंगसाठी थांबली. भर दुपार, डब्यात चार माणसं, बाहेर नुसती शेतं. गाडी काही हलेना. बोलायला काहीतरी हवं म्हणून मी इतक्या वर्षांचा मनातला प्रश्न विचारला, "बाय, बाकीच्या डोळे मिटून गातात. तूच का मिटत नाहीस?"

तिनं मांडीवरची पिशवी सारखी केली. मग म्हणाली, "पयले मी पन मिटायचे."

तिला एकच मुलगा होता. नवरा लवकर गेलेला. ती धवल्याला जायची तेव्हा हा पोरगा तिची पिशवी धरून बरोबर यायचा. दहा-बारा वर्षांचा.

"मी डोले मिटून देवांना बोलवायची," ती म्हणाली. "आनि मागं लोकं त्याला प्यायला द्यायची. वाईट मनानं नाय रं. मान म्हनून द्यायची. धवलारणीला मान कसा द्यायचा? ती बाईमानूस, ती पीत नाय. मंग तिचे पोराला द्यायचा. धवलारणीचा पोर, त्याला नाय कसा म्हनायचा? मना वाटं, पोर मागं बसून धवला ऐकतंय."

ती पुढं सांगू लागली.

"आनि पयला थेंब तर मीच दिला त्याला. बांधावरच्या देवाला राखण दिली तवा. देवाला दारू दाखवली, कोंबडा दिला, आनि देवाचं हाय म्हनून बोट बुडवून त्याचे जिभंला लावलं. मनाच आवडलं, म्हनलं, आता झाला मर्द. सगलीच लावतात."

तो वीस वर्षांचाही झाला नाही. एका संध्याकाळी भरतीच्या वेळी पिऊन बांधावरून खाडीत गेला. बाय तेव्हा शेजारच्या गावात एका मांडवात गात होती. निरोप घेऊन माणूस आला, पण धवला मध्येच तोडायचा नाही म्हणून तो ती संपवेपर्यंत तिच्यासमोर उभा राहिला. तिचे डोळे मिटलेले होते. तो उभा आहे हे तिला दिसलंच नाही.

मी विचारलं, "धवल्यात गेलेल्या माणसांना बोलावतेस. त्याला बोलावतेस का?"

"नाय," ती म्हणाली. "गेलेल्यांनाच बोलावतात ना? बोलवला तर तो गेला असं होतं."

समोरून गाडी धाडधाड निघून गेली, आणि आमची गाडी हलली.

हळदीच्या दिवशी अष्टमीत आमच्या दारातल्या मांडवात माणूस मावत नव्हता. कंपनीतले लोक, सोसायटीतले लोक, मुलीकडचे. डीजेवाला खोकी मांडून तयार. माझा धाकटा सोळा वर्षांचा, अकरावीत. तो बायच्या पाया पडला. तिनं हनुवटी धरली. "हा कर." त्यानं हसत हसत केलं. वास कसलाच नव्हता. तरी तिनं हनुवटी सोडली नाही, त्याचं तोंड उजेडाकडं वळवलं.

"झोपला नाय का रं?"

"अभ्यास होता, आजी."

तिनं निरांजन पेटवून त्याच्या हातात दिलं, समोर बसवलं आणि धवला सुरू केला. गणपती आला, गावदेवी आली, खाडी आली. मग आमच्या घरातली माणसं. पणजोबा, पणजी. माझ्या आजोबांचं नाव तिच्या ओठांवर आलं आणि धवला तुटला.

पंचेचाळीस-पन्नास वर्षांच्या माझ्या कानशिलात पुन्हा ती जुनी चपराक वाजल्यासारखं झालं. मी मांडवभर बघितलं. एकाही पोराच्या हातात बाटली किंवा ग्लास नव्हता. "काय झालं, बाय?"

तिनं माझ्या धाकट्याकडं बोट दाखवलं. त्याच्या हातातलं निरांजन कलतं झालं होतं आणि गरम तेल त्याच्या बोटांवर ओघळत होतं. तो समोर बघत स्वस्थ बसला होता.

"तेल पडतंय हातावर," बाय हळू म्हणाली. "हात मागं घेत नाय तो. बाला, तुझे पोराला त्याचा हात कुठं हाय ते म्हाईत नाय."

"जागरण झालंय त्याचं. तू गा."

"वास नाय त्याला. पन ह्ये दारूपेक्षा वाईट हाय काय तरी. त्याला आत ने. आत्ताचे आत्ता."

लोक बघत होते. मुलीचे मामा बघत होते. माझा साहेब पहिल्या रांगेत बसला होता. मला वाटलं, मुलाच्या लग्नात या बाईनं माझी अब्रू चव्हाट्यावर आणली, दुसऱ्यांदा. आणि मी बोलून गेलो, "बाय, तुझा गेला म्हणून सगळ्यांच्या पोरांत तोच बघत जाऊ नकोस."

जे तिनं मला निडीला विश्वासानं सांगितलं होतं, ते मी तिला भर मांडवात असं परत दिलं. आयुष्यात मी पुष्कळ चुका केल्या, पण या वाक्याची मला आजही लाज वाटते.

ती उठली, धाकट्याच्या हातातलं निरांजन काढून घेतलं, फुंकर घालून विझवलं. पदरानं त्याची बोटं पुसली. मग पिशवी उचलली आणि मांडवाबाहेर पडली. मी डीजेवाल्याला हात केला. मेव्हण्यानं तिला स्टेशनवर सोडलं. माझ्या आजोबांपासून पुढं आमच्या घरातलं कुणीही त्या लग्नाला बोलावलं गेलं नाही.

लग्नाला महिना होतो न होतो तोच धाकटा कुंडलिकेच्या पुलावर कठड्याला टेकून बसलेला सापडला. शुद्ध नव्हती. ओळखीच्या रिक्षावाल्यानं दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी मला विचारलं, हा काय घेतो? मी म्हणालो, "साहेब, आमचा पोरगा सुपारीसुद्धा खात नाही." डॉक्टरांनी त्याचा हात उलटा करून बोटांवरचे काळपट डाग दाखवले. "हे कधी भाजलं?"

"हळदीत. निरांजनाचं तेल पडलं."

"एवढं भाजलं आणि त्यानं हात काढला नाही?" ते म्हणाले. "तेव्हा कुणाच्याच लक्षात आलं नाही?"

कुणाच्या लक्षात आलं होतं ते मी त्यांना सांगितलं नाही.

गोळ्या होत्या. दहावीपासून चालू होत्या. वर्गातल्याच एकानं पहिली दिली होती, परीक्षेची भीती जाते म्हणून. तोंडाला वास नाही, चालीत झोक नाही. रोज संध्याकाळी मी शिफ्टवरून येऊन त्याच्यासमोर बसून जेवत होतो, आणि मला दिसत नव्हतं. पुढचं वर्ष कसं गेलं ते सांगायला नको. उपचार झाले, तो बरा झाला, एकदा पुन्हा घसरला, पुन्हा उपचार झाले. बायकोनं कामाला जाणं सोडलं. मी रात्रपाळी सोडून दिली. त्याच्या बरोबरीची सोसायटीतली आणखी दोन पोरं त्यातच असल्याचं कळलं तेव्हा त्यांच्या घरी जाऊन मीच सांगितलं. एकाच्या बापानं मला दाराबाहेर काढलं. मला त्याचा राग आला नाही. त्याच्या जागी मी काय बोललो असतो ते मला माहीत होतं.

बायकडे जायचं धाडस मात्र होत नव्हतं. शेवटी धाकट्यानंच विषय काढला. "पप्पा, त्या आजींना भेटायचंय मला."

आम्ही दोघं खारेपाटात गेलो. बाय घराच्या ओट्यावर बसली होती, खूप थकलेली. मी समोर उभा राहिलो आणि म्हणालो, "बाय, त्या दिवशी मी जे बोललो..."

"खरं तेच बोललास," ती म्हणाली. "मी सगल्यांचे पोरांत तोच बघते. कोनीतरी बघायला पायजे का नको?"

धाकटा तिच्या पाया पडला आणि उठून, तिनं न सांगताच, तोंड उघडून "हा" केलं. ती हसली नाही. "त्याला वास नसतो, म्हाईत हाय मना," म्हणाली. तिनं त्याचं तोंड उन्हाकडं वळवलं आणि कितीतरी वेळ त्याच्या डोळ्यांत बघत राहिली. मग आत जाऊन तेच पितळी निरांजन आणलं, पेटवलं आणि त्याच्या हातात दिलं.

तो धरून बसला. ती बघत बसली. मीही बघत होतो. निरांजन तापत चाललं. बऱ्याच वेळानं तो चुळबुळला, एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं आणि ओशाळून म्हणाला, "आजी, भाजतंय."

"भाजतंय?"

"हो."

"भाजतंय ना? बरं झालं," बाय म्हणाली, आणि मी तिला आयुष्यात पहिल्यांदा हसताना पाहिलं. निरांजनाखाली तिनं पदराची घडी धरली. "आता धर. अर्धा धवला राहिलाय तुमचे घरचा."

"आजोबांपाशी तुटला होता," मी म्हणालो.

"म्हाईत हाय."

तिनं धाकट्याला समोर नीट बसवलं. दोन्ही हातांत निरांजन. एकदा त्याच्याकडे पाहिलं, मग डोळे मिटले, आणि धवला उचलला.

आवाज पूर्वीचा राहिला नव्हता, दम लागून मध्ये मध्ये तुटत होता. माझे आजोबा आले. आजी आली. मला सूप धरायला लागलं ते ज्याच्या हळदीत, तो काका आला. बाबा आले. आमच्या घरातली सगळी माणसं संपली. मी हात जोडायला गेलो, पण बाय थांबली नव्हती. डोळे मिटलेलेच होते. तिनं आणखी एक नाव घेतलं आणि त्याला ये म्हणाली.

"हे कोण, पप्पा?" धाकट्यानं कुजबुजत विचारलं. "हे आपल्यातले नाहीत ना?"

"तिचा मुलगा," मी म्हणालो. "दिवा सरळ धर."